छापखाना ते विज्ञानाची पुस्तकं: आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा छपाईचा. बेळगावातल्या शहापुरात वडिलांनी ट्रेडल मशीन, म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र टाकलं. त्यावर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल निघायचे. पुढे प्लेटवरून छापणारं ऑफसेट आलं, अक्षरांचे शिशाचे खिळे गेले, आणि मोबाईल आल्यावर पत्रिकांचं कामही आटलं. त्या मंदीत मुलांसाठी मराठीत विज्ञानाची पुस्तकं काढायचं ठरलं ते ताईमुळे. ताई हायस्कुलात विज्ञान शिकवायची. पुस्तकात लिहिलेलं मुलाला आपल्या अंगणात, आपल्या घरच्या माणसांबरोबर पडताळता आलं तर ते पुस्तक तो हातातून सोडत नाही, हे तिचं ठाम मत. आजही आलेलं प्रत्येक हस्तलिखित आम्ही याच कसोटीला लावतो.

पहिलं पुस्तक सावलीवर काढलं. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो असं आपण सगळेच बोलून जातो, पण बेळगावात तसं घडत नाही. आपली घड्याळं 82.5 अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर लावलेली आहेत आणि बेळगाव त्याच्या पश्चिमेला साधारण 8 अंशांवर. एका अंशाला 4 मिनिटं धरली तर आपली खरी दुपार अर्धा तास उशिरा होते. मेच्या पहिल्या आठवड्यात साडेबाराच्या सुमाराला उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणून एरवी उत्तरेला पडणारी भर दुपारची सावली चक्क दक्षिणेकडे पडते.

हे सगळं आम्ही पहिल्या पानावर सांगितलं नाही. तिथं फक्त काठी रोवायला आणि दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करायला सांगितलं. उलगडा बराच पुढे. जूनच्या सुरुवातीला शाळा उघडल्यावर एका गावच्या सरकारी मराठी शाळेत कच्ची प्रत घेऊन गेलो, त्या दिवशी नशिबानं ऊन पडलं होतं. मीटरभर काठीची सावली जेमतेम अर्धी वीत, तीही दक्षिणेला. सहावीतला एक मुलगा होकायंत्र हलवून हलवून बघत होता. शेवटी म्हणाला, "सर, ह्ये बिघडलंय काय?" दुसऱ्यानं पळत जाऊन मुख्याध्यापकांच्या खोलीतलं होकायंत्र आणलं. त्यानंही तीच दिशा दाखवली. मग सगळा वर्ग पान उलटून कारण शोधायला लागला. मुलांनी पुस्तक वाचावं म्हणून चित्रं भडक करावीत, प्रत्येक पानावर विनोद घालावा, असं आम्हाला बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. मला ते पटत नाही. प्रश्न मुलाचा स्वतःचा झाला की काळ्या-पांढऱ्या छपाईतलं पानही तो वाचतो.

स्वयंपाकघरावरच्या पुस्तकातही तेच केलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथं पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळतं. शाळेच्या पुस्तकात 100 अंश, थर्मामीटरवर त्याहून कमी. हा फरक कुठून आला हे शोधताना मुलं हवेच्या दाबापर्यंत आपोआप पोचतात. (उकळतं पाणी मोठ्या माणसानंच हाताळायचं, हे त्या पानावर ठळक छापलं आहे.)

माझ्या सगळ्यात जवळचं पुस्तक मात्र ओतकामाचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात, आणि पुढे लोखंडी नांगर बनवायला घेतला. लोखंडानं जमीन नासते असं तेव्हा शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळे सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. आज इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने आहेत आणि आमच्या वाचकांपैकी कितीतरी जणांचे वडील, काका तिथं कामाला जातात. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण सेंटिमीटरभर. म्हणून ज्या नमुन्यावरून साचा घेतात तो पॅटर्न त्या मानानं मोठा करावा लागतो. पॅटर्न बनवणाऱ्यांकडे यासाठी वेगळी पट्टीच असते, तिच्यावरचा सेंटिमीटर आपल्या सेंटिमीटरपेक्षा किंचित लांब! ही पट्टी आम्ही पुस्तकात मूळ मापानं छापली आणि तिच्याखाली साधी पट्टी. मुलांना सांगितलं, दोन्ही ताडून बघा आणि फरक का ते घरी विचारा.

छपाईत हे सोपं नव्हतं. छपाईची प्लेट करताना मापात एक टक्का इकडं-तिकडं झाला तर पानाचा अर्थच जातो. ताई प्रत्येक प्रूफावर स्टीलची पट्टी ठेवून मापत बसायची. पुस्तक बाहेर पडल्यावर फौंड्रीत साचे तयार करणारे एक मोल्डर दुकानात आले. मुलानं रात्री पट्टीबद्दल विचारलं म्हणून आले होते. पुस्तक चाळत म्हणाले, "आमच्या कामाचं पुस्तक असतंय व्हय?" दोन प्रती घेऊन गेले, एक मुलासाठी आणि एक फौंड्रीत ठेवायला.

खानापूरच्या जंगलावरचं पुस्तक ताईच्या हट्टानं झालं. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांत राहणारं रॉटनचं वटवाघूळ 1913 मध्ये शास्त्रात नोंदलं गेलं आणि अनेक दशकं जगात फक्त तिथलंच माहीत होतं. कच्चं लिखाण वर्गात वाचून दाखवताना मुलं कुठं चुळबुळतात ते ताई समासात पेन्सिलीनं टिपते. वटवाघळाचं वर्गीकरण आलं तिथं चुळबूळ सुरू झाली. एका मुलीनं विचारलं, "बाई, झोपल्यावर ते पडत कसं नाही?" त्याच्याच वजनानं पायातली शीर ताणली जाते आणि बोटं आपोआप मिटलेली राहतात, जोर लावावा लागत नाही. ताईनं वर्गीकरण काढून टाकलं आणि प्रकरणाची सुरुवात त्या मुलीच्या प्रश्नानं केली.

पैशाचं गणित थोडक्यात सांगतो. पानं 32, म्हणजे सोळा-सोळा पानं एकत्र छापलेले दोन फर्मे, आत मॅपलिथो हा साधा पांढरा कागद, बांधणी पिना मारून, रंग फक्त कव्हरला. एका वितरकानं उधारी थकवल्यावर आम्ही प्रती थेट विकू लागलो. कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या मराठी साहित्य संमेलनांत टेबल मांडतो, आणि मंडळं स्पर्धांच्या बक्षिसांसाठी गठ्ठे नेतात. धंद्याला अजूनही बिलबुकांच्या छपाईचा आधार लागतो, पण पुस्तकं आता आपला खर्च काढतात.

सध्या दोन कामं हातात आहेत. एक पावसाचं पुस्तक: पश्चिमेला कणकुंबीत हजारो मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडे टँकर, हे सह्याद्री कसं घडवून आणतो त्यावर. दुसरं, सावलीच्या पुस्तकाची कानडी आवृत्ती. शेजारच्या गल्लीतल्या कानडी शाळेच्या सरांनीच ती मागितली आणि मजकूरही तेच उतरवून देताहेत. या वेळी चित्रं रंगीत करतो आहोत. रंगीत छपाईला एक काळी आणि तीन रंगांच्या अशा चार प्लेटा लागतात; मजकूर फक्त काळ्या प्लेटवर ठेवला की दोन्ही भाषांना रंगाच्या तीन प्लेटा त्याच चालतात, म्हणून मराठीची नवी आवृत्ती आणि कानडीची पहिली एकाच वेळी मशीनवर घेणार आहोत. मेच्या आधी दोन्ही शाळांत पोचवायची आहेत, म्हणजे सुट्टीत मुलांना काठी रोवता येईल.