डोडोमाला पत्र

माझी सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये गेली. देशभरची पोस्टाची तिकिटं इथं छापतात. निवृत्त झाल्यावर नेमानं पत्र लिहायचं काम आलं, तेही बिनतिकिटाचं.

टोरांटोला असलेली लेक एका संस्थेमार्फत टांझानियातल्या डोडोमा भागातल्या दहा वर्षांच्या मुलाचा शाळेचा खर्च उचलते. ती म्हणाली, "बाबा, पैसे मी भरते, पत्रं तुम्ही लिहा. तुमचं अक्षर छान आहे." अक्षराचा काडीचा उपयोग नव्हता. पत्र वेबसाइटवर इंग्रजीत टाइप करायचं, तिथला माणूस ते स्वाहिलीत करणार, मग कुणीतरी गावात जाईल तेव्हा पोराच्या हातात पडणार. उत्तराला दोन-तीन महिने.

पहिलं पत्र मी आधी मराठीत कच्चं लिहिलं. 'बाळा' या शब्दाचं इंग्रजी जमेना. शेवटी 'डिअर' लिहिलं, जे आयुष्यभर रजेच्या अर्जात साहेबाला लिहीत आलो. मग काय, रामकुंड, काळाराम, गोदावरीचा पूर, नाशिकची द्राक्षं, त्यांची वाइन, आपला बंगला, नवी गाडी. शेवटी पत्ता, मोबाइल नंबर आणि '2027च्या सिंहस्थाला नक्की ये'.

आठ दिवसांत पत्र परत. पत्ता-फोन नको, बोलावणं नको, दारूचा उल्लेख नको, घर-गाडीचं वर्णन टाळा, वाक्यं लहान ठेवा. मुलांच्या सुरक्षेसाठी हे नियम हवेतच, पण तेव्हा मला राग आला. माझी चिडचिड ऐकून ही म्हणाली, "अहो, ज्याच्या शाळेचे पैसे आपली पोरगी भरतेय, त्याला तुम्ही विमानानं कुंभमेळ्याला बोलावताय?"

मग एकेक खोडत गेलो. बंगला गेला, गाडी गेली, वाइन गेली. उरलं काय? दारातला पारिजातक, दुधावर टपलेलं मांजर, माझा दुखरा गुडघा, आणि लहानपणी पावसात चपला हातात घेऊन शाळेत जायचो ती गोष्ट. द्राक्षांची फुशारकी तेवढी ठेवली. जून होता, म्हणून विचारलं, 'तुमच्याकडे पाऊस सुरू झाला का?' दीड पान झालं नाही, पण ते गेलं.

उत्तर सप्टेंबरात आलं. रेघांच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं, कोपऱ्यात स्वतःचा तळहात ठेवून गिरवलेला, खाली इंग्रजी भाषांतर. पहिलाच शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला होता : शिकामू. संस्थेला विचारलं तेव्हा कळलं, हा वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार, आणि मूळ अर्थ 'पाय धरतो' असा सांगतात. म्हणजे आपलं 'पाया पडतो'च की! त्यावर मोठ्यांनी 'मराहाबा' म्हणायचं. इंग्रजीच्या आडवाटेनं उगाच गेलो असं वाटलं. पुढं हेही कळलं, की स्वाहिलीत गाडीला गारी म्हणतात आणि लाखाला लाकी. समुद्रावरच्या जुन्या व्यापाराबरोबर हे शब्द तिकडं पोचले.

पावसाचं उत्तर होतं, 'आमच्याकडे जूनमध्ये पाऊस नसतो, डिसेंबरात येतो.' मांजराला दोन ओळी होत्या, गुडघ्याला एक. शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'द्राक्षं आमच्याकडेही होतात. वर्षातून दोनदा काढतात. तुमच्याकडे किती वेळा?'

नाशिककराला द्राक्षांवरून कुणी असं विचारावं! पिंपळगावच्या साडूला फोन लावला. तो म्हणाला, "एकदाच रे. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. छाटण्या दोन, पीक एक."

दुसऱ्या पत्राची सुरुवात 'मराहाबा'नं केली आहे. खाली खरं ते लिहिलं, 'एकदाच.' आता दोन छाटण्यांचं लहान वाक्यांत कसं बसवायचं, तिथं अडलोय.