टाके दिसतात का?

गौरी-गणपती विसर्जन, रात्री साडेदहा

घर एकदम रिकामं वाटतंय. मखरात नुसता पाट आणि त्यावर समुद्राची मूठभर वाळू. वहिनी दमून झोपल्यात, दादा ओटीवर आहे. वाटल्या डाळीचं पातेलं अजून तसंच पडलंय, पण आता उठवत नाही.

ओंकार पाण्यात उतरला नाही. यंदा मूर्ती न्यायची पाळी त्याची होती. आरती झाली, दादाने गाऱ्हाणं घातलं, आणि ऐन वेळी त्याने पाट सुमितच्या हातात दिला आणि निरांजन घेऊन वाळूवरच उभा राहिला. बाकीची पोरं उघडी, कमरेएवढ्या पाण्यात. याच्या अंगात काळा शर्ट, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. वारा इतका होता की निरांजन केव्हाच विझलं होतं, तरी हा आडवा हात धरून उभा.

परत येताना सुरूच्या बनात तो मुद्दाम मागे रेंगाळला. मी पोचल्यावर खाली बघत म्हणाला, "आत्या, टाके दिसतात का?"

कशाचे, असं मी विचारलंही नाही. छातीचं ऑपरेशन करून घ्यायचं त्याच्या मनात आहे, हे कळलं. "नाही रे, काही दिसत नाहीत," म्हटलं. तो "बरं" म्हणाला आणि झपझप पुढे गेला.

एवढंच झालं. तेव्हापासून काहीतरी घशाशी अडकलंय.

उत्तर खोटं नव्हतं. पुरुषाच्या छातीतली वाढलेली ग्रंथी काढताना छेद घेतात तो एरिओलाच्या, म्हणजे निपलभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेवर, अर्धचंद्रासारखा. काळी आणि उजळ कातडी जिथे मिळते तिथेच वण बसतो, म्हणून तो लपतो. चरबी ओढायचं भोक तीन-चार मिलिमीटरचं, काखेच्या बाजूच्या घडीत. पहिले तीन महिने वण लाल आणि कडक असतो, वर्षभरात फिका पडतो. हाताच्या अंतरावरून बहुतेकांचा शोधावा लागतो.

पण बहुतेकांचा, सगळ्यांचा नाही. छाती आणि खांदा या केलॉइड धरणाऱ्या जागा. वण जखमेच्या हद्दीबाहेर पसरतो, जाड होतो, खाजतो. एखाद्याला ती खोड आहे का ते आधी बघायचं असेल तर दंडावरचा बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा वण बघतात, लहानपणी पडल्याच्या खुणा बघतात. ओंकारच्या दंडावरचा वण कसा आहे ते मला आठवेना. कोपराच्या वरचा त्याचा हात मी किती वर्षांत बघितलेला नाही, हे आज रात्री लक्षात आलं.

मग मी कशाच्या जोरावर "नाही रे" म्हटलं?

विचारायचं ते वेगळंच होतं. मुळात ती ग्रंथी आहे की चरबी? पाठीवर झोपवून अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंनी निपलकडे सरकवत आणायची. ग्रंथी असेल तर रबरासारखी घट्ट चकती बोटांत सापडते. नुसती चरबी असेल तर बोटं न अडकता निपलपर्यंत येतात, आणि मग आधी वजनाचं बघायचं, सुरीचं नंतर. वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांना थोडीफार गाठ येते. तेरा-चौदाव्या वर्षी दिसते, दुखते, आणि बहुतेकांची दोन वर्षांत आपोआप जिरते. त्या काळात ऑपरेशन करायचं नसतं. अठरा उलटले, दोन वर्षं होऊन गेली आणि गाठ तशीच असेल तर ती तंतुमय झालेली असते. मग ना गोळीने जाते, ना जिमने. उलट खालचे स्नायू वाढले की ती आणखी पुढे येते. ओंकार एकोणीसचा. म्हणजे तो रोज दंड-बैठका काढतोय त्याचा उपयोग नाही, हे तरी त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि तपासण्या. थायरॉइड, लिव्हर, आणि टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडिऑल, प्रोलॅक्टिन, एचसीजी ही हार्मोन्स. वृषणं तपासायची, कारण तिथल्या गाठीमुळेही छाती वाढते, क्वचित पण वाढते. जिममध्ये कुणी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली होती का, केस गळतात म्हणून फिनॅस्टेराइड चालू आहे का. कारण चालू ठेवून गाठ काढली तर ती पुन्हा येऊ शकते. एकाच बाजूला असेल, दगडासारखी असेल, निपलमधून रक्त येत असेल तर सगळं सोडून आधी कॅन्सर नाही ना ते बघायचं.

यातलं एकही मी विचारलं नाही. त्याने टाक्यांचं विचारलं, मी टाक्यांचं सांगितलं.

जेवणं झाल्यावर पाऊस आला म्हणून पडवीतल्या दोरीवरचे कपडे काढायला गेले. त्यात ओंकारची दोन बनियनं होती. हाताला लागली तीच विचित्र. जाड, आखूड, काखेत शिवण उसवून पुन्हा घातलेली. आतला शिक्का बघितला तर 80. त्याच्या अंगाला 95 लागेल.

तिथेच उभी राहिले. ऑपरेशन झाल्यावर घट्ट जॅकेट देतात, चार ते सहा आठवडे, रात्रंदिवस, फक्त अंघोळीपुरतं काढायचं. मोकळ्या झालेल्या जागेत पाणी साठू नये, कातडी खाली नीट चिकटावी म्हणून. सगळ्यांची तक्रार एकच असते, श्वास कोंडतो, कधी एकदा काढतो असं होतं. हा पोरगा ऑपरेशनच्या आधीच ते घालून फिरतोय. मे महिन्यात इथे असतानाही, आपल्या त्या चिकचिकीत. त्याच्या पाठीवर घामोळं आलं म्हणून वहिनी चंदन उगाळत होत्या. का आलं ते कुणी विचारलं नाही.

मीसुद्धा. ज्या बाईने आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये काढलं तिनेसुद्धा.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं ते आधी माझंच. इतकी वर्षं इथे येऊन राहिले, तर माझ्याकडे बसायला कुणी येत नाही, विचारायला येतात. खर्च किती, किती दिवस सुट्टी, कोण चांगला. पाखाडीवरून जाताना हळू आवाजात. कुणाची मुलगी नाकाचं विचारते, कुणी बाळंतपणानंतरच्या पोटाचं. माणसाला काय होतंय ते कुणी सांगत नाही, कातडीचं तेवढं सांगतात. बराच वेळ हे मनात घोळवत बसले. मग वाटलं, तो या घरात दुसऱ्या कुणाशी बोललाय तरी का? चार शब्द बोलला, ते माझ्याशी बोलला. विचारायला आला हेही काही कमी नाही. ते घ्यावं आणि पुढे बघावं.

पुण्यातली ती कावसजीची हकीकत आम्हाला शिकताना सांगायचे. इंग्रजी फौजेचा गाडीवान, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याच्या कुंभाराने कपाळाच्या कातडीचं नाक करून बसवलं. 1794 साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ते छापून आलं आणि विलायतेतले सर्जन त्यावरून शिकले. ऐकताना तेव्हा अभिमान वाटायचा. आज वेगळंच मनात आलं. कावसजीचं नाक गेलंय हे अख्ख्या गावाला दिसत होतं. ओंकारचं दुखणं त्याच्याशिवाय कुणाला दिसत नाही. मग त्याला बरं वाटायला नक्की काय काढावं लागेल?

पण हेही अर्धवटच. सातव्या शतकातल्या एजिनाच्या पॉल या ग्रीक वैद्याने पुरुषांच्या छातीचं ऑपरेशन लिहून ठेवलंय, चंद्रकोरीसारखा छेद घेऊन, आणि कारण दिलंय ते हेच, की यावरून पुरुषाला बायकी म्हणून हिणवतात. म्हणजे ही लाज आजच्या पोरांनी मोबाइल बघून आणलेली नाही. "त्यात काय एवढं, लक्ष देऊ नकोस" असं दादा म्हणेल. दादाचं चुकतंच. सहा वर्षं लक्ष न देता येणाऱ्याला लक्ष देऊ नकोस म्हणणं म्हणजे त्याला एकटं सोडणं आहे.

माझं मत मला ठाऊक आहे. गाठ खरी असेल, वय उलटलेलं असेल, वजन सहा महिने जागच्या जागी असेल आणि लाज त्या गाठीलाच चिकटलेली असेल, तर ऑपरेशन हे चांगलं उत्तर आहे. त्यात कमीपणा नाही. दीड-दोन तासांचं काम. पट्टी निघाल्यावर पोरं रडलेली मी बघितली आहेत, आणि ते रडणं चांगलं होतं. पण काहींची लाज फिरती असते. आज छाती, ती झाली की पोट, मग हनुवटी. मोर्सेली नावाच्या इटालियन डॉक्टरने 1891 मध्येच या दुखण्याला नाव दिलं होतं, आता बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. त्यांना सुरी सहसा लागू पडत नाही. ऑपरेशन उत्तम झालं तरी ते आरशासमोर फुटपट्टी घेऊन उभे राहतात, डावी बाजू उजवीपेक्षा दोन मिलिमीटर वर आहे म्हणतात. त्यांना मानसोपचाराची बैठक लागते, गोळ्या लागतात, त्याने फरकही पडतो.

ओळखायचं कसं, तर सरळ विचारायचं. दिवसातला किती वेळ याचा विचार करतोस? तासाच्या वर जातो का? यापायी काय काय सोडलंस? हे गेलं तर पहिलं काय करशील? "पोहायला जाईन" म्हणणारा आणि "मग सगळं ठीक होईल" म्हणणारा, दोघांची वाट वेगळी.

ओंकार यातला कुठला, ते मला माहीत नाही. सुरूच्या बनात विचारलं असतं तर कळलं असतं.

आणि करायचंच ठरलं तर इथल्या माणसाने काही गोष्टी धरून चालायला हव्यात, त्या त्याला लिहूनच देते. मे किंवा ऑक्टोबर नको, डिसेंबर-जानेवारी. त्या घामात जॅकेट सहन होत नाही आणि टाक्यांपाशी कातडी ओली राहते. जॅकेट दोन घ्यायची, एक धुवायला एक अंगात. रक्ताची गाठ धरायची असेल तर ती बहुतेक पहिल्या चोवीस तासांत धरते. एक बाजू अचानक फुगते, ताणते, दुखते, आणि पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. म्हणून त्या रात्री शहरातच राहायचं, घाट उतरून घरी यायची घाई नको. पुढे आत पाणी साठलं तर ते सुईने काढायला दोन-तीनदा जावं लागतं, तेव्हा जायला-यायला जमेल असाच डॉक्टर बघायचा. पाटी बघून नाही, पदवी बघून: प्लॅस्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी. त्याला विचारायचं, निपलखाली किती जाडीची चकती ठेवणार? सगळं खरवडून काढलं तर तिथे बशीसारखा खड्डा पडतो आणि तो भरून काढणं मूळ ऑपरेशनपेक्षा अवघड. काढलेली गाठ तपासायला पाठवणार ना, हेही. सिगारेट असेल तर महिनाभर आधी बंद. निपलला काही महिने बधिरपणा राहतो, कधी कायमचा. मेडिक्लेम सहसा मिळत नाही. समुद्रात टाके पूर्ण भरेपर्यंत नाही, तीन-चार आठवडे तरी.

समुद्र लिहिताना हात थांबला.

परवा पहाटेच्या एसटीने तो जाणार. उद्याचा दिवस आहे. सकाळी परसात नारळ सोलायला त्याला बोलावते, तिकडे वहिनींचा कान नसतो. आधी माझं उत्तर मागे घेईन. थोडे दिसतात, कुठे दिसतात ते दाखवते, म्हणेन. मग दंडावरचा वण दाखव म्हणेन. बाही वर करेल की नाही, बघू.

बनियनं घडी करून त्याच्या बॅगेवर ठेवली होती. आता हात लावला तर काखेत अजून ओल आहे. पुन्हा दोरीवर टाकून आले, आतल्या बाजूला, शिक्का दिसणार नाही अशी.