जर्मनीतला हिवाळा: रोजनिशीतली काही पानं

रविवार

दूध, पाव, कांदे-बटाटे शनिवारीच आणून ठेवायचे. रविवारी सुपरमार्केट बंद. उघडी असतात ती मोठ्या स्टेशनांतली दुकानं, पेट्रोल पंप आणि सकाळी काही तास बेकरी. आज भिंतीला ड्रिल लावायचं नाही, काचेच्या बाटल्याही रस्त्यावरच्या डब्यांत टाकायला न्यायच्या नाहीत, कारण काच फुटल्याचा आवाज आसपासच्या घरांत जातो. तिथे काच रंगाप्रमाणे टाकतात: पांढरी (म्हणजे बिनरंगी), तपकिरी, हिरवी. निळी बाटली हिरव्या डब्यात.

सोमवार

आजचं पान खिडकीसाठी. थंडी आत येईल म्हणून हिवाळाभर खिडकी लावून बसायचं, ही इथे शिकायला आलेल्या आपल्या मुलांची हमखास होणारी चूक. इथली घरं जवळजवळ हवाबंद असतात. आंघोळीची वाफ, कुकरच्या शिट्ट्या, खोलीत वाळत घातलेले कपडे, रात्रभरचा श्वास, सगळा ओलावा आतच कोंडतो. मग जिथे भिंत सगळ्यात गार, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा कोपरा आणि कपाटामागची जागा, तिथे त्याचं पाणी होतं. काही आठवड्यांत काळे ठिपके दिसतात. ती बुरशी. खोली सोडताना अनामत रकमेवरून वाद होतो तो बऱ्याचदा यावरून, आणि त्याहून वाईट म्हणजे तीच हवा छातीत जाते.

उपायाला इथे श्टोसल्युफ्टन म्हणतात. हीटर बंद करायचा, खिडकी सताड उघडायची, समोरासमोर दोन असतील तर दोन्ही. कडक थंडीत 5 मिनिटं पुरतात. असं दिवसातून तीन-चार वेळा, शिवाय आंघोळ आणि स्वयंपाक झाल्यावर लगेच. तेवढ्या वेळात हवा बदलते, पण भिंती आणि सामान गरमच राहतं, म्हणून खोली पटकन पुन्हा ऊबदार होते. खिडकी वरून तिरकी किलकिली करून तासन्‌तास ठेवली तर उलटं होतं: हवा धड बदलत नाही, भोवतालची भिंत मात्र गार पडते आणि बुरशी तिथेच धरते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, 5 ते 10 सेंटिमीटर जागा सोडावी.

हीटरच्या चावीवरचे आकडे तापमानाचे असतात, वेगाचे नव्हेत. 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर फिरवल्यानं खोली लवकर तापत नाही, फक्त नको तितकी तापते.

बुधवार

‘हाल्ब द्राय’ म्हणजे अडीच. इंग्रजीतून विचार करणारा साडेतीन समजतो आणि तासभर उशिरा पोचतो. शब्दशः अर्थ अर्धा तिसरा, आणि आपला ‘अडीच’ही संस्कृत ‘अर्धतृतीय’मधूनच आलेला. आकड्यांचंही तसंच. 24 ला ते ‘चार आणि वीस’ म्हणतात, आपण चोवीस. फोन नंबर ऐकून लिहिताना मराठी डोक्यानं ऐकावं, इंग्रजीनं ऐकलं की 24 चे 42 होतात. हे मला फार आवडतं: परक्या भाषेतली अडचण आपल्याच भाषेनं सोडवायची.

विद्यापीठाच्या वेळापत्रकात 10 पुढे सी. टी. असेल तर तास 10:15 ला सुरू होतो. एस. टी. असेल तर 10 च्या ठोक्याला. तास संपला की टाळ्या नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात.

शनिवार

रिकाम्या बाटल्या परत करायच्या. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट अनामत असते. बाटली चेपू नये, लेबल काढू नये, कारण सुपरमार्केटातलं बाटल्या घेणारं यंत्र बारकोड वाचतं. निघालेली पावती काउंटरवर द्यायची.

आणि ‘झी’-‘डू’, म्हणजे ‘तुम्ही’-‘तू’. विद्यार्थी एकमेकांना पहिल्या दिवसापासून डू म्हणतात. प्राध्यापकांना आणि कार्यालयात झी, सोबत हेअर (श्री.) किंवा फ्राउ (श्रीमती) आणि आडनाव. मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर माणूस नकळत येतो. इथे ते बोलून ठरतं आणि विचारतो तो वयानं किंवा पदानं मोठा असलेला. तोवर झी.