मिग-२१ च्या अंगावरचा तिरंगी गोल

मिग-२१ या लढाऊ विमानाच्या मॉडेलच्या किटचं खोकं उघडलं की डिकलच्या (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या खुणांच्या) कागदावर बहुतेक वेळा सोव्हिएत लाल तारे दिसतात, नाहीतर पोलंडचे लाल-पांढरे चौकोन. तिरंगी राउंडेल, म्हणजे आपल्या हवाई दलाचा गोल, निघालं तर नशीब. नाशकात वाढलेल्या माणसाला हे लागतं. १९६४ साली नाशिकजवळ ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा) कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी कामाची विभागणी होती. आमच्याकडे त्या टाउनशिपला लोक अजून ‘ओझर मिग’च म्हणतात. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला आणि मी ठरवलं, आता १९७१ सालचं एक एफएल, म्हणजे मिग-२१ चा एक प्रकार, करायचं, १/७२ मापात, आणि त्याच्या अंगावरची प्रत्येक खूण स्वतः काढून, छापून लावायची.

कामाला लागल्यावर सगळ्यात आधी निवड करावी लागते. ‘भारतीय मिग-२१’ असं मोघम विमान कुठेच नसतं. असतं ते एका क्रमांकाचं, एका स्क्वाड्रनचं, एका काळातलं विमान. एफएल, हवाई दलाच्या भाषेत टी-७७, आलं तेव्हा उघड्या धातूच्या चकचकीत रंगात होतं. १९७१ च्या सुमारास त्यावर घाईघाईने कॅमोफ्लाज चढला, आणि तो सगळीकडे सारखा नव्हता. काही ठिकाणी जुन्या खुणांभोवती रंग मारला गेला, काही ठिकाणी खुणा नव्याने काढल्या गेल्या. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटांचा मारा करणारी २८ स्क्वाड्रनची विमानं याच जातीची होती. मला करायचं होतं ते या काळातलं विमान. म्हणून क्रमांक स्पष्ट वाचता येईल असा, नेमका बाजूने घेतलेला त्या काळातला एक फोटो निवडला आणि त्यात जे दिसत नाही ते मनाने घालायचं नाही असा नियम केला.

फोटोच का, संग्रहालय का नाही? दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात जाऊन मी खऱ्या विमानांभोवती मनसोक्त फिरलो आहे, आणि पॅनलचे जोड, रिव्हेटच्या ओळी, झाकणं यांच्यासाठी त्या भेटीचा फार उपयोग झाला. पण मांडून ठेवलेलं विमान दर काही वर्षांनी पुन्हा रंगवावं लागतं. रंगवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, तरी आकड्याचं वळण बदलतं, गोल मोठा होतो, केशरीचा नारिंगी होतो. चौकात उभ्या केलेल्या विमानांचं तर विचारूच नका. खुणांच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नये, हे माझं ठाम मत आहे. ओझरच्या आसपास कॅमेरा काढायचाच नसतो, त्यामुळे तो विचारही कधी केला नाही.

आमच्या सोसायटीत ओझरहून निवृत्त झालेले एक काका राहतात. नोकरीतल्या गोष्टी ते सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. पण छापून आलेले जुने फोटो त्यांच्यासमोर ठेवले की ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत बसतात. एकदा म्हणाले, “अरे, उजवी बाजू डावीसारखीच असेल असं धरून चालू नकोस. दोन बाजूंना दोन माणसं रंग देतात.” त्यानंतर मी उजव्या बाजूचा फोटो मिळेपर्यंत काम थांबवलं. मिळाला तेव्हा दिसलं की त्या बाजूचा क्रमांक खरोखरच पॅनलच्या जोडापासून जरा पुढे सरकलेला आहे.

मापं काढायची माझी रीत अशी. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ ला ९९.३ मिलिमीटर. आधी किट या मापाला उतरतं का ते पाहून घेतलं. मग फोटोतली मापं मिलिमीटरमध्ये न घेता विमानाच्याच अंगावरच्या रेघांवरून घेतली. नाकाच्या बाजूचा गोल कोणत्या जोडाला टेकतो, मागच्या धडावरचा क्रमांक कोणत्या झाकणाखाली सुरू होतो, आकड्याची उंची दोन जोडांमधल्या अंतराच्या किती हिश्शात येते, हे टिपायचं. किटवर तेच जोड कोरलेले असतात, म्हणून माप सरळ मॉडेलवर उतरवता येतं. फोटो तिरका असला किंवा फार जवळून घेतलेला असला तर मात्र ही रीत फसते. धड गोल आहे, त्यामुळे वरच्या-खालच्या कडेजवळची अक्षरं फोटोत चपटी दिसतात, तेही लक्षात ठेवावं लागतं. गणित अवघड नाही. खरा गोल ६०० मिलिमीटरचा धरला तर १/७२ ला ८.३ आणि १/४८ ला १२.५ मिलिमीटर. अवघड आहे ते अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाल्यावर विमानाचा चेहरा बदलतो हे मान्य करणं.

रेखाटन इंकस्केपमध्ये केलं, ते फुकट मिळतं. हवाई दलात क्रमांकाच्या आधीचं अक्षर विमानाच्या जातीप्रमाणे बदलतं: मिग-२१ ला सी, हंटरला बीए, मिस्टेअरला आयए, सुखोई-७ ला बी, मारुतला डी. अक्षर सोपं, पण आकड्यांना कुठलाही तयार फाँट चालत नाही. दोनचा पाय किती लांब, नऊचं पोट किती बंद, हे फोटोवरून एकेक बिंदू धरून काढावं लागलं. मला यात सगळ्यात जास्त आनंद मिळाला. कुणीतरी कधीकाळी साचा कापून तो आकडा उमटवला होता, त्याच्या हाताचं वळण त्यात शिल्लक आहे.

आता पांढऱ्या रंगाकडे येतो, कारण अडतं ते इथेच. घरातला इंकजेट असो की दुकानातला लेझर, प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. कागदाचा पांढरेपणा हाच त्याचा पांढरा. डिकलचा पारदर्शक कागद घेतला तर राउंडेलमधलं पांढरं कडं पारदर्शकच राहतं आणि खालचा हिरवा-तपकिरी कॅमोफ्लाज दिसतो. केशरी आणि हिरवाही पातळ पडतात, कॅमोफ्लाजवर मळकट दिसतात. पांढऱ्या फिल्मचा कागद घेऊन काठावर कापता येतं, पण आठ मिलिमीटरच्या गोलाला कात्रीने कितीही जपून कापा, बारीक पांढरी कड दिसतेच. पूर्वी आल्प्स कंपनीचे रिबनवाले प्रिंटर पांढरा छापत, ते बनणं केव्हाच बंद झालं.

उत्तर मिळालं रविवार कारंज्याजवळच्या एका गल्लीत, लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटरकडे. बाजारातली चांगली डिकल्स याच पद्धतीने छापली जातात: प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन (जाळीची चौकट), आणि शाई घट्ट, अपारदर्शक. गडद पत्रिकेवर पांढरी अक्षरं छापणं त्यांचं रोजचं काम. मी कागद पुढे ठेवला, त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, “सर, पत्रिकेवरच्या गणपतीचा डोळा याच्यापेक्षा मोठा असतो. लग्नसराई संपू द्या, मग निवांत करू.” मीही थांबलो. हे काम घाईचं नाही.

त्यांच्याकडून शिकलो ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. बटर पेपरवरचा पॉझिटिव्ह (स्क्रीन बनवायचं मूळ चित्र) एवढ्या बारीक कामाला चालत नाही, फिल्मच काढावी लागते. जाळी बारीकातली बारीक हवी, नाहीतर गोलाच्या कडेला दाते पडतात. त्यांचे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, त्यामुळे रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, हलला की काय होतं हे त्यांना लहानपणापासून ऐकून माहीत. त्यांनीच सांगितलं की डिकलचा कागद हवेतला ओलावा ओढतो आणि किंचित वाढतो, म्हणून छापण्याआधी तो दुकानातच उघडा ठेवायचा आणि तिन्ही रंग त्याच हवेत उतरवायचे. रेखाटनात मी पांढरी चकती बाहेरच्या केशरी कड्याच्या कडेपेक्षा थोडी लहान ठेवली होती, म्हणजे रंग केसभर सरकला तरी पांढरं बाहेर डोकावत नाही. आधी पांढरा, मग केशरी, मग मधला हिरवा. प्रत्येक रंग पूर्ण वाळल्यावरच पुढची स्क्रीन. शेपटीच्या उभ्या पट्ट्यांनाही हाच क्रम.

केशरीच्या छटेवर आमची बरीच चर्चा झाली. झेंड्याचा केशरी प्रमाणित आहे, पण जुन्या रंगीत फोटोंत तो कुठे विटकरी, कुठे पिवळट दिसतो. फोटोच्या फिल्मचे रंग उतरतात, उन्हाने विमानावरचा रंगही उडतो. शिवाय लहान वस्तूवर भडक रंग अधिकच भडक दिसतो. शेवटी प्रमाणित केशरीत पांढऱ्याचा थेंब घालून तो किंचित खाली आणला. हा निर्णय माझा आहे, दुसरा कुणी वेगळा घेईल.

काळ्या अक्षरांना मात्र स्क्रीनची गरज नाही. लेझरचा काळा पुरेसा दाट येतो. क्रमांक आणि बारीक सूचना पारदर्शक लेझर डिकल पेपरवर कॉलेज रोडच्या एका झेरॉक्सच्या दुकानात छापल्या. अनोळखी कागद मशीनमध्ये घालायला दुकानदार घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. इंकजेटचा कागद लेझरमध्ये गेला तर उष्णतेने फिल्म वितळून आत चिकटते. कागदाचं पाकीट सोबत नेलं, त्यावर लेझरसाठी असं लिहिलेलं दाखवलं, आणि जाड कागदाची सेटिंग लावून एकेक कागद हाताने सोडला. खऱ्या विमानावरचं ५० मिलिमीटरचं अक्षर १/७२ ला ०.७ मिलिमीटर होतं. ते वाचता येत नाही, पण तिथे ओळ आहे हे डोळ्याला कळतं, तेवढं पुरे.

लावण्याआधी एका टाकाऊ पंखावर तुकडा लावून त्यावर मायक्रो सोल सोडून पाहिलं. हा द्रव फिल्म मऊ करतो, आणि शाई त्याला टिकते का हे आधी कळलेलं बरं. टिकली. मग मॉडेलवर चकचकीत वार्निश. खडबडीत पृष्ठभागावर डिकल लावलं तर खाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात, म्हणून ही पायरी टाळता येत नाही. नाशकातल्या पावसाळ्यात लॅकर मारू नका. दमट हवेत ते दुधाळ होतं. मी थंडीतल्या कोरड्या दुपारी मारलं. कोमट पाण्यात डिकल भिजवून, मायक्रो सेट या डिकल बसवायच्या द्रवाच्या थेंबावर सरकवून, जोडांशी जुळवून ओल्या ब्रशने दाबलं. सोल लावल्यावर ते सुरकुततं, त्या वेळी बोट लावायचं नाही. वाळताना आपोआप ताणलं जातं आणि कोरलेली रेघ खालून वर येते. डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रमांक फोटोप्रमाणे वेगवेगळ्या जागी बसवले. वरून मॅट वार्निशचा पातळ हात दिल्यावर फिल्मची कड दिसेनाशी झाली.

काकांना मॉडेल दाखवलं. त्यांनी आधी उजवी बाजू पाहिली.

स्क्रीनवर जागा उरली होती म्हणून इतर मापांचे गोलही छापून घेतले आहेत. ते बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलेत. पुढे नॅट हे छोटं लढाऊ विमान करायचं आहे, १८ स्क्वाड्रनचं, श्रीनगरचं. ढाक्यावर मिग गेले त्याच १४ डिसेंबरला फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों तिथून उडाले आणि एकटे लढले होते. सध्या त्या स्क्वाड्रनच्या नॅटचा सरळ बाजूने घेतलेला फोटो शोधतोय, दोन्ही बाजूंचा.