आंबेनळी घाट: लाव्हाचे थर खालून वर वाचताना

महाबळेश्वरला बहुतेक जण वाई-पाचगणीकडून जातात. ज्वालामुखी पाहायचा असेल तर कोकणातून, पोलादपूरहून चढा. हा सुमारे 40 किलोमीटरचा रस्ता 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून कोरून काढलेला आहे. सगळ्यांत जुना थर तळाला, म्हणून वाचायचं ते खालून वर. भूवैज्ञानिकांनी इथल्या थरांच्या गटांना नावंच पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर अशी दिली आहेत.

शंकूच्या आकाराचा डोंगर मात्र शोधू नका. इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. पृथ्वीच्या पोटातला तापलेला खडक वर सरकला, की त्याच्यावरचा दाब उतरतो आणि तो वितळू लागतो. बेसॉल्टच्या, म्हणजे इथल्या काळ्या दगडाच्या, वितळलेल्या रसात त्याला घट्ट करणारी सिलिका कमी, त्यामुळे तो पातळ असतो. वायू त्यातून सहज निसटतात. मोठे स्फोट होण्याऐवजी रस दूरवर पसरत जातो.

आम्ही नोव्हेंबरात गेलो. एका वळणापुढे, रुंद जागा पाहून गाडी लावली. समोरच्या दरडीचा वरचा भाग बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेला, मधला काळा आणि घट्ट. मावशी हात फिरवून म्हणाली, "हा पाट्याचा दगड." अगदी खरं! प्रवाहाची साय आधी थिजते, आत रस वाहत राहतो, बुडबुडे वर जमतात आणि मधला दगड सावकाश, भरीव थिजतो.

मला मात्र सर्वांत मोलाची वाटली ती दोन प्रवाहांमधली तांबडी पट्टी. लाव्हा थांबला, खडकाची माती झाली, मग पुढच्या प्रवाहाने ती भाजून काढली. अशा पट्ट्यांत झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक सापडतात. त्यांतल्या युरेनियमचं किती शिसं झालं, यावरून वय काढतात. 2019 साली एका गटाने याच पद्धतीने सांगितलं, की पोलादपूर थरांचा मोठा उद्रेक डायनासोर संपण्याच्या काही दहा हजार वर्षं आधीचा. दुसऱ्या गटाने बेसॉल्टमधल्या अरगॉन वायूवरून वय काढून सांगितलं, की सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा डायनासोर संपल्यानंतर आला. डायनासोर संपण्यात या लाव्हाचा हात किती, हा वाद ज्या थरांवरून आहे, त्यांवर हात ठेवून उभं राहता येतं, यासाठी तरी या.

पावसाळ्यात अजिबात नको. जुलै 2021 मध्ये दरडी कोसळून हा घाट बंद पडला होता. डिसेंबर-जानेवारी उत्तम, गवत वाळून पट्ट्या उघड्या पडतात. वळणावर थांबू नका, भिंतीला चिकटून उभे राहू नका. हातोडा घरीच ठेवा, दहापट दाखवणारं भिंग पुरे. चहा-नाश्ता वाडा कुंभरोशीला, प्रतापगडाच्या फाट्यावर उरकून घ्या.

वर पोचलात की पायाखाली जांभा लागतो: याच बेसॉल्टचा, ऊनपावसाने झिजून झालेला. दुपार उतरताना आर्थर सीटला जा. पश्चिमेचं ऊन कड्यांवर आलं, की सावित्रीच्या खोऱ्यापर्यंत पायऱ्या उतरत गेलेल्या दिसतात. या लाव्हा थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात; त्यातला 'ट्रॅप' हा स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आला आहे.