फ्रीजमध्ये न गोठलेली बाटली

नागपूरच्या मानेवाडा रोडवरच्या आमच्या किराणा दुकानात ऑलिव्ह ऑइल ठेवायला लागून आठेक वर्षं झाली. महिन्याला जेमतेम डझनभर बाटल्या जातात. पण सोयाबीनच्या शंभर पिप्यांमागे जेवढी कटकट होत नाही, तेवढी या डझनात होते.

मागच्या डिसेंबरात एक काकू बाटली घेऊन आल्या. सील तुटलेलं, तेल दोन बोटं कमी. "भाऊ, नकली माल देऊन राहिले तुम्ही. दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवलं, गोठलंच नाही नं!" मोबाइलवरचा व्हिडिओही दाखवला. त्यातला माणूस सांगत होता, अस्सल ऑलिव्ह तेल फ्रीजमध्ये तुपासारखं घट्ट होतं, नाही झालं तर भेसळ. आठशेची बाटली. मी मुकाट्यानं पैसे परत केले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, तेलावरून काय तोडायचं.

पुढच्याच आठवड्यात आमच्या लेआउटमधले एक निवृत्त सर आले. त्यांची तक्रार वेगळी. चमचाभर तेल नुसतं प्यायले (हेही कुठल्यातरी व्हिडिओत पाहूनच) तर घशात मिरची गेल्यासारखं झालं, ठसका लागला. "यात काहीतरी मिसळलं आहे," सर म्हणाले. त्यांचेही पैसे परत. फोडलेली बाटली डिस्ट्रिब्युटर घेत नाही, त्यामुळे दोन्ही बाटल्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या.

माझा भाचा एलआयटीत शिकतो. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट, १९४२ ची, कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिलेली. तिथं तेलाचं तंत्रज्ञान हा वेगळा विषयच शिकवतात. रविवारी जेवायला आला तेव्हा त्याच्यासमोर दोन्ही बाटल्या ठेवल्या. सरांच्या बाटलीतलं चमचाभर तोंडात घेतलं, दोनदा खोकला आणि हसायलाच लागला. "मामा, ही तर तुमच्या दुकानातली सगळ्यात चांगली बाटली!"

ताज्या एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या ऑलिव्ह तेलात ओलिओकॅन्थॉल नावाचा एक घटक असतो म्हणे. घशात जो तिखटपणा लागतो तो त्याचा. आयबुप्रोफेन हे दुखण्यावरचं औषध पातळ स्वरूपात पिताना घसा जिथं चुरचुरतो तिथंच हेही चुरचुरतं. हे साम्य धरूनच अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली त्यावर संशोधन छापलं. तेल जुनं होत जातं तसा हा तिखटपणा उतरतो. म्हणजे सरांनी जी खूण भेसळीची म्हणून धरली, ती ताजेपणाची होती. आणि काकूंच्या फ्रीजचं म्हणाल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या ऑलिव्ह केंद्रानं हा प्रयोगही करून पाहिला होता. अडीच दिवस थंडीत ठेवूनही एकही नमुना गोठला नाही. गोठणं हे तेलातल्या मेणावर आणि मेदाम्लांच्या प्रमाणावर ठरतं, खरेखोटेपणावर नाही.

याच डेव्हिसच्या नावानं एक आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. "जगातलं ७० टक्के ऑलिव्ह ऑइल नकली." मूळ अहवाल २०१० चा. कॅलिफोर्नियातल्या दुकानांतून घेतलेल्या, 'एक्स्ट्रा व्हर्जिन' लेबलच्या आयात नमुन्यांपैकी ६९ टक्के त्या दर्जात बसले नाहीत. बरेचसे वासाचवीत नापास झाले, कारण तेल जुनं, हवा-उजेड-उष्णता लागलेलं किंवा मुळात बिघडलेल्या फळांचं. काहींत स्वस्त रिफाइंड तेल असल्याचीही शंका होती. म्हणजे वरच्या दर्जाच्या नावाखाली खालचा माल. फसवणूक आहेच, पण 'ऑलिव्ह नव्हेच' असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. आणि हो, अभ्यासाला थोडा पैसा कॅलिफोर्नियातल्या तेल उत्पादकांचाही होता. दुकानदार असल्यामुळे माझं लक्ष आधी तिकडेच गेलं.

लेबल वाचायला मीही तेव्हाच शिकलो. एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये आम्लता जास्तीत जास्त ०.८ टक्के. 'पोमेस' म्हणजे फळं पिळून राहिलेल्या चोथ्यातून सॉल्व्हंट (तेल विरघळवून घेणारं रसायन) लावून काढलेलं आणि मग रिफाइंड केलेलं. सोप्या भाषेत, पेंडीतलं तेल. वाईट नाही, आपल्या तळण-फोडणीला चालतंच, पण सेल्समन सगळं 'ऑलिव्ह' म्हणून एकाच तोंडानं विकतो, आणि मीही विकत होतो. 'लाइट' हा तर भारीच शब्द. हलका रंग, हलकी चव, एवढाच अर्थ. कॅलरी ग्रॅमला नऊच, आपल्या जवसाच्या तेलात आहेत तेवढ्याच. हार्टवाल्या पेशंटच्या घरी 'लाइट' म्हणून मी किती बाटल्या दिल्या असतील, देव जाणे.

आमचे बाबा खुलं तेल विकायचे. दुकानात टाकी, तिला नळ, लोक किटली घेऊन यायचे. कुणी शंका घेतली की बाबा दोन थेंब त्याच्या तळहातावर टाकायचे, "चोळा अन् वास घ्या." बस, एवढीच लॅबोरेटरी. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल निघालं. साठच्या वर माणसं गेली, हजारो आजारी पडली. त्याच वर्षी केंद्र सरकारनं खाद्यतेल पॅक करूनच विकायचा आदेश काढला. पुढं टाकी गेली, पाऊच आले. बरंच झालं, बाबांच्या तळहाताला धोतरा ओळखता आला असता असं मी म्हणणार नाही. स्पेनसारख्या ऑलिव्हच्या देशातसुद्धा १९८१ साली कारखान्यासाठी आणलेलं रेपसीड तेल खाण्याचं म्हणून विकलं गेलं आणि तीनशेहून जास्त लोक मेले. असलं विष नाकाला कळत नाही, त्याला तपासणीच लागते. पण पॅकिंगबरोबर एक गोष्ट झाली. लोक वास घ्यायचे थांबले. सील आहे नं, मग झालं.

आता माझी चूक सांगतो.

दुकानाचं तोंड पश्चिमेला. महागडा माल दिसावा म्हणून ऑलिव्हच्या बाटल्या मी समोरच्या काचेत, सगळ्यात वरच्या फळीवर लावल्या होत्या. पांढऱ्या पारदर्शक बाटल्या, मागून एलईडी पट्टी, दुपारी तीननंतर तिरपं ऊन. दिसायच्या मात्र सुंदर, हिरव्यासोनेरी. रंगावर लोक फार जातात. खरं तर तेल चाखणारे तज्ज्ञ मुद्दाम निळ्या काचेच्या पेल्यात तेल घेतात, रंग दिसून मत बनू नये म्हणून. अन् मे महिन्यातलं नागपूर. पारा पंचेचाळीसवर.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी बाबा दुकानात येऊन बसले होते. त्यांनी सहज फळीवरची एक बाटली मागितली, फोडली, तळहातावर थेंब टाकला, चोळला, नाकाशी नेला.

"गेलं हे."

"बाबा, ऑलिव्हचा वास असाच असते."

"ऑलिव्ह मले समजत नाही. खवट समजते."

मी वास घेतला. कंपासपेटीत वर्षभर पडून राहिलेल्या मेणखडूंचा वास येतो नं, तसा. खाली जुन्या खोबऱ्याची छटा. बाटलीवरच्या तारखेला अजून अकरा महिने होते. (चाखणारे तज्ज्ञही तो पेला आधी तळहातानं ऊबवतात आणि मग हुंगतात, हे भाच्यानं नंतर सांगितलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग आणखी कसं पाहतील?")

उरलेल्या बाटल्या उतरवल्या. नवीन माल आता खाली, डाळींच्या ड्रममागं अंधारात असतो आणि गहिऱ्या काचेचाच घेतो. विक्री थोडी कमी झाली, कारण दिसत नाही. पण त्या वरच्या फळीवरच्या सहा बाटल्या मे महिन्यातच गेल्या होत्या. उधारीच्या वहीतून चौघांची नावं सापडली. फोन केले. तेल उन्हात राहून खराब झालंय, परत करा, पैसे देतो.

दोघांनी बाटली संपल्याचं सांगितलं, तक्रार काहीच नव्हती. तिसऱ्यांनी फोनच उचलला नाही. चौथा फोन त्याच निवृत्त सरांना होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"छे हो, उलट यावेळी फार चांगलं होतं," सर म्हणाले. "घशाला अजिबात लागलं नाही. पुढच्या महिन्यात तेच द्या."