सॅम्पल स्लॅबचा संग्रह : दिवाळी ते जून

गेल्या दिवाळीत माझ्याकडे 19 सॅम्पल स्लॅब होते, आज 34 आहेत. नव्या पंधरांपैकी चार आधीच्याच प्रकारातले निघाले आणि एक माझ्याच हातून खराब झाला, त्यामुळे खरी भर दहाचीच धरतो.

या प्रकाराशी ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्रेडिंग कंपनी नाणे पारखते, शेल्डन मापावर 1 ते 70 यांपैकी एक प्रत, म्हणजे दर्जा, ठरवते आणि ते नाणे लेबलासह पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत सील करते; या डबीलाच स्लॅब म्हणतात. कंपनीला नवी डबी किंवा नवे लेबल व्यापाऱ्यांना हाताळून पाहू द्यायचे असते तेव्हा ती त्यात रूझवेल्टची डाइम (अमेरिकेचे दहा सेंटचे नाणे) किंवा लिंकनचा सेंट असे अगदी साधे नाणे घालते, प्रतीच्या जागी ‘सॅम्पल’ असे छापते आणि नाणे-प्रदर्शनात ती डबी फुकट वाटते. वाटपाची वस्तू असल्याने बहुतेकांनी ती जपली नाही, आणि म्हणूनच जुने सॅम्पल आज शोधावे लागतात.

या काळात सर्वाधिक विचार केला तो मोजणीचा. एकाच लेबलच्या दोन डब्यांत वेगवेगळ्या वर्षांच्या डाइम असतील, तर त्या दोन मोजाव्यात की एक? काही संग्राहक प्रत्येक वर्ष आणि प्रत्येक टांकसाळखूण वेगळी धरतात. मी आता ठामपणे डबी आणि लेबल हाच प्रकार मानतो, कारण आपण नाणे जमवत नसून त्याचे घर जमवत आहोत. आतल्या डाइमचे काम साक्षीदाराचे आहे. मात्र ती साक्ष अर्धीच असते. आतल्या नाण्याच्या वर्षापेक्षा डबी जुनी असू शकत नाही, एवढेच ती सांगते. डबी किती नवी आहे हे ती सांगू शकत नाही, कारण 1964 ची चांदीची डाइम कंपनी कितीही वर्षांनी नव्या डबीत घालू शकते. वरची मर्यादा ठरवायला लेबलचा रंग, अक्षरांचे वळण, होलोग्राम आणि डबीची कड पाहावी लागते. पीसीजीएस या ग्रेडिंग कंपनीचे लेबल 1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हिरवे होते, मग निळे झाले, एवढे एक ठाऊक असले तरी निम्मी वर्गवारी उरकते.

नागपूरच्या महाल भागात राहणारे एक ज्येष्ठ संग्राहक, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो, भोसल्यांचे रुपये जमवतात. मार्चमध्ये मी पेटी घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “अहो, नाणं सोडून डबीच्या मागे का लागलात?” मी वरची अडचण सांगितल्यावर ते भिंग खाली ठेवून म्हणाले, “मग हे आमच्यासारखंच झालं की.” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. भोसल्यांचा रुपया मोगल बादशहाच्या नावाने पडत असे आणि बादशहा गेल्यावरही ते नाव नाण्यावर राहत असे, त्यामुळे छापलेल्या नावावरून काळ ठरवता येत नाही. खुणा आणि अक्षरांची घडण यांवरूनच तो ठरवावा लागतो. त्या दुपारनंतर मी प्रत्येक डबीची नोंद काकांच्या वहीच्या धर्तीवर करू लागलो : आधी खुणा, मग अनुमान, आणि अनुमान कायम पेन्सिलीने.

एनजीसी या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या दोन सॅम्पलांची जोडी या हंगामातली मला सर्वांत प्रिय भर आहे. जुन्या डबीत पांढऱ्या गाभ्याने डाइमला चारही बाजूंनी आवळून धरले आहे, त्यामुळे नाण्याची कड अजिबात दिसत नाही. नव्या डबीत तेच काम बारीक बोटांसारखे खिळे करतात, आणि डबी खिडकीच्या उजेडात जराशी कलती धरली की चंदेरी कडेच्या मधोमध तांब्याची तांबूस रेघ दिसते. 1965 पासूनच्या डाइमचा गाभा तांब्याचा आणि दोन्ही बाजूंचे आवरण तांबे-निकेलचे असते, ही वाचून माहीत असलेली गोष्ट मला प्रथम या डबीमुळे डोळ्यांनी पाहता आली. कंपनीने डबी का बदलली हे दाखवायला याहून चांगला नमुना माझ्याजवळ नाही.

खराब झालेल्या स्लॅबविषयी सविस्तर लिहितो, कारण कोणाची तरी डबी त्यामुळे वाचेल. त्यावर जुन्या किमतीची चिकटपट्टी होती आणि तिचा चिकटा निघत नव्हता, म्हणून मी कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन पुसले. त्यातल्या अॅसिटोनने प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळला आणि क्षणात लेबलवर दुधाळ डाग उमटला, जो आता जाणार नाही. तेव्हापासून मी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले कापड वापरतो, आणि तेही सांध्यापासून दूर, कारण या डब्या सील असल्या तरी पाणी किंवा हवा पूर्ण रोखत नाहीत.

हीच गोष्ट नागपूरच्या उन्हाळ्यात फार महत्त्वाची ठरते. पारा 45 च्या वर गेला की आपल्याकडे कूलर दिवसभर चालतो, आणि ज्या खोलीला आपण गार समजतो ती प्रत्यक्षात दमट झालेली असते. मे महिन्यात लिंकन सेंटच्या दोन सॅम्पलांवर बारीक काळे ठिपके दिसले. 1982 नंतरचा सेंट जस्ताचा असून त्यावर तांब्याचा पातळ मुलामा असतो, म्हणून ओल त्याला लवकर बाधते. आता संग्रह कूलरच्या खोलीतून काढून आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवला आहे. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आहेत, आणि त्या दर पंधरा दिवसांनी उन्हात वाळवतो.

अॅनॅक्स या ग्रेडिंग संस्थेची बाजू माझ्या संग्रहात अजून लंगडी आहे. ही संस्था 1972 मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनची शाखा म्हणून नाण्याचा खरेखोटेपणा तपासण्यासाठी सुरू झाली, 1979 पासून छायाचित्रासह प्रत-प्रमाणपत्र देऊ लागली, आणि डबी तिने 1989 मध्ये आणली. पुढच्याच वर्षी ही संस्था विकली गेली. त्यामुळे तिच्या सुरुवातीच्या लहान पांढऱ्या डब्यांना माझ्या लेखी वेगळे मोल आहे. तशी एक सॅम्पल डबी पुण्याच्या एका संग्राहकाकडे असून माझ्या चार दुबार स्लॅबांपैकी दोन देऊन ती घेण्याचे बोलणे चालू आहे. त्यांनी मागच्या बाजूचे आणि सांध्याचे छायाचित्र पाठवले की नोंदवहीतले 35 वे पान, जे मी आधीच आखून ठेवले आहे, भरायला घेईन.